सोमवारचे डाग: मॅमोग्राफीच्या डिटेक्टरचं कॅलिब्रेशन करूनही ते पुन्हा का उमटतात?

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, करणाऱ्या सेंटरांची तक्रार साधारण अशी असते. शनिवारी दुपारी शेवटची पेशंट झाली तेव्हा इमेज स्वच्छ होती. सोमवारी सकाळी मशीन सुरू केलं तर करड्या भागावर फिकट पट्टे, एका कोपऱ्यात पांढुरका डाग आणि मधूनच बारीक पांढरे ठिपके. टेक्निशियन फ्लॅट फिल्ड कॅलिब्रेशन (एकसारख्या ठोकळ्याच्या इमेज घेऊन डिटेक्टरच्या सगळ्या भागांचा प्रतिसाद समान करणं) मारतो, डाग जातात, काम सुरू होतं. दुपारी तीनच्या सुमाराला डाग त्याच जागी हजर, पण उलटे: सकाळी पांढुरकं होतं तिथे आता काळपट. मंगळवारी पुन्हा कॅलिब्रेशन, मग आठवडा शांत. पुढच्या सोमवारी पहिले पाढे पंचावन्न.

गोव्यात जून ते सप्टेंबर या तक्रारीला ऊत येतो, आणि चवथीच्या सुट्टीनंतर तर ती हमखास येते. सर्व्हिस इंजिनिअर बाहेरगावाहून येईपर्यंत मशीन ताळ्यावर आलेलं असतं. तोही कॅलिब्रेशन करतो, रिपोर्टवर सही घेतो, जातो. दोन-तीनदा असं झालं की ‘डिटेक्टर म्हातारा झाला, बदलावा लागेल’ अशी कुजबुज सुरू होते. डिटेक्टर, म्हणजे क्ष-किरण टिपून इमेज देणारी पाटी, हा या यंत्रातला सगळ्यांत महाग भागांपैकी एक, त्यामुळे फोंड्या-म्हापशाच्या लहान सेंटरला हे वाक्य ऐकूनच घाम फुटतो. माझं मत स्पष्ट आहे: डाग ठरावीक दिवशी येत असतील आणि आपोआप विरत असतील, तर आधी खोलीची झडती घ्यावी, डिटेक्टरची नंतर. आणि तोवर कॅलिब्रेशनच्या बटणापासून हात लांब ठेवावा, कारण अर्धा घोळ तेच बटण घालतं.

आधी डाग कुणाचा ते ठरवा

याला पाच-दहा मिनिटं पुरतात, तरी हे कुणी करत नाही.

इमेज पडद्यावर सरकवून बघा. डाग इमेजबरोबर सरकला तर तो इमेजमधला. जागचा हलला नाही तर मॉनिटरवरचा, फडक्याने पुसा आणि विषय संपवा. इमेजमधला असेल तर छातीकडच्या कडेपासून त्याचं अंतर मोजा. पडद्यावर इमेज फिरवून, उलटवून मांडलेली असते, त्यामुळे डावं-उजवं यावर विसंबू नका. छातीच्या कडेपासूनचं अंतर मात्र बदलत नाही. वेगवेगळ्या पेशंटच्या सीसी (वरून घेतलेला) आणि एमएलओ (तिरका), दोन्ही व्ह्यूमध्ये डाग त्याच अंतरावर दिसत असेल तर तो बाईच्या स्तनातला नाही, यंत्रातला आहे.

मग अॅक्रिलिकचा ठोकळा ठेवून एक एक्सपोजर घ्या. ठोकळा १८० अंशांत फिरवून दुसरं. डाग ठोकळ्याबरोबर फिरला तर ठोकळ्यावर ओरखडा किंवा घाण आहे. पॅडल (स्तन दाबणारी प्लास्टिकची पट्टी) काढून एक एक्सपोजर घ्या. डाग गेला तर पॅडलवर तडा किंवा चिकट काहीतरी आहे. ट्यूबसमोरचा फिल्टर (किरण गाळणारी धातूची पातळ पत्री) बदलून आणखी एक घ्या, म्हणजे ऱ्होडियमऐवजी सिल्व्हर. एकाच फिल्टरवर दिसणारा डाग एक तर त्या फिल्टरवरच्या घाणीचा असतो, नाही तर त्या फिल्टरच्या कॅलिब्रेशनचा, कारण प्रत्येक फिल्टरचा गेन मॅप, म्हणजे कॅलिब्रेशनमध्ये होणारी दुरुस्तीची नोंद, वेगळा असतो. ओळखायची आणखी एक खूण: डाग ट्यूबच्या जितका जवळचा तितका तो मोठा आणि पसरट दिसतो, डिटेक्टरजवळचा तितकाच धारदार. सगळ्या इमेजभर सारख्या अंतराच्या बारीक समांतर रेषा दिसल्या तर ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) हलायचा थांबलाय, डिटेक्टरचा त्यात काही संबंध नाही.

ठिपक्यांच्या बाबतीत पेशंटलाही विचारा. ‘ताई, आंघोळीनंतर पावडर, डिओ काही लावलंय का?’ डिओमधलं अॅल्युमिनियम काखेजवळ हुबेहूब मायक्रोकॅल्सिफिकेशनसारखं, म्हणजे कॅल्शियमच्या बारीक कणांसारखं, उमटतं, हे बहुतेकांना माहीत असतं. घामोळ्यांच्या पावडरीकडे मात्र लक्ष जात नाही. अशा अनेक पावडरींत झिंक ऑक्साइड असतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे स्तनाखालच्या घडीत ती थापून आलेल्या बायका कमी नसतात. ओल्या फडक्याने पुसून घेतलं की ठिपके गेले. एक पेशंट गेल्यावर तीच पावडर सपोर्टच्या टेबलावर राहते आणि पुढच्या दोघींच्या इमेजमध्ये येते, हेही लक्षात असू द्या.

एवढं सगळं करून डाग जागच्या जागी राहिला, तर तो डिटेक्टरचा. आता खरी गोष्ट सुरू होते.

सेलेनियम तापमानाला इतकं हळवं का?

आजच्या बऱ्याच मॅमोग्राफी यंत्रांच्या डिटेक्टरमध्ये अमॉर्फस सेलेनियमचा थर असतो, जाडी सुमारे पाव मिलिमीटर. क्ष-किरण त्यात शिरले की थेट विद्युतभार तयार होतो, मध्ये प्रकाशाचा टप्पा नाही. त्या थरावर मायक्रॉनमागे १० व्होल्ट या हिशेबाने दोन-अडीच हजार व्होल्टचा बायस (लावून ठेवलेला विद्युतदाब) असतो. त्या ओढीमुळे भार सरळ खाली आपापल्या पिक्सेलवर उतरतो, आजूबाजूला पांगत नाही. म्हणूनच ७०-८५ मायक्रॉनच्या पिक्सेलवर ही इमेज इतकी रेखीव येते. सेलेनियम या कामात नवखं नाही. १९७०च्या दशकात झेरोमॅमोग्राफीच्या निळ्या छपाया निघायच्या, त्याही सेलेनियमच्या प्लेटवरच.

पण अमॉर्फस म्हणजे काचेसारखी, विस्कळीत रचना. उष्णता मिळाली की सेलेनियमला स्फटिक व्हायची घाई असते. ती आवरायला त्यात थोडं आर्सेनिक मिसळलेलं असतं, तरीही ४० अंशांच्या आसपास हा पदार्थ मऊ पडू लागतो. एकदा एखाद्या जागी स्फटिक झाला की ती जागा कायमची गेली. हा टोकाचा प्रकार. रोजचा त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो: तापमान वाढलं की एक्सपोजर नसतानाही वाहणारा गळतीचा प्रवाह, म्हणजे डार्क करंट, वाढतो, काही पिक्सेल उगाच ‘पेटतात’, थराच्या वेगवेगळ्या भागांची संवेदनशीलता वेगवेगळी सरकते. फार थंडीही वाईट. सेलेनियम आणि त्याच्याखालची काच वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, आणि वारंवार असं झालं तर थर सुटायचा धोका असतो. म्हणून मॅन्युअलमध्ये यंत्र बंद असतानाच्या तापमानाचीही मर्यादा दिलेली असते. ते पान एकदा तरी उघडून वाचा. यंत्राप्रमाणे आकडे बदलतात.

ज्यांच्याकडे सिझियम आयोडाइडचा डिटेक्टर आहे त्यांनी फार निर्धास्त राहू नये. त्यात क्ष-किरणांचा आधी प्रकाश होतो, मग खालच्या सिलिकॉनच्या फोटोडायोडवर भार. उष्णतेचा आजार थोडा निराळा, पण सिझियम आयोडाइड ओल धरतं, आणि गोव्यात ओलीला तोटा नाही. काही यंत्रांत डिटेक्टरचं तापमान राखायला द्रव फिरवणारा वेगळा कंडिशनर असतो; त्याची पातळी आणि पंखा दोन्ही बघा.

सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी का उलटतं?

कच्च्या इमेजमधून आधी ऑफसेट (एक्सपोजर नसतानाचा सिग्नल) वजा होतो, मग ती गेन मॅपने भागली जाते. हा मॅप म्हणजे ठोकळ्यावर घेतलेल्या काही एक्सपोजरची सरासरी: कुठला पिक्सेल किती कमी-जास्त प्रतिसाद देतो त्याची नोंद. ती नोंद ज्या तापमानाला केली त्याच तापमानाला खरी.

सोमवारी सकाळी काय होतं बघा. शनिवारपासून एसी बंद. खोली ३१-३२ अंशांवर. आल्या आल्या कुणीतरी एसी १६ वर लावतो, त्याचा झोत नेमका गँट्रीवर (ट्यूब आणि डिटेक्टर धरणाऱ्या यंत्राच्या उभ्या भागावर). डिटेक्टरची एक कड गार, दुसरी गरम, आतली इलेक्ट्रॉनिक्स अजून स्थिरावायची आहेत. ज्या भागाचा प्रतिसाद तात्पुरता कमी पडलाय तो पांढुरका दिसतो. त्याच अवस्थेत कॅलिब्रेशन केलं की मॅपमध्ये लिहिलं जातं, ‘हा कोपरा अशक्त आहे, याला वर उचला.’ डाग गायब. दुपारपर्यंत कोपरा मूळ पदावर येतो, पण मॅप त्याला उचलतच राहतो. सिग्नल जास्त, म्हणजे इमेजमध्ये काळपट. उलटा डाग आला तो असा. मंगळवारी स्थिरावलेल्या डिटेक्टरवर कॅलिब्रेशन होतं आणि सगळं जागेवर येतं. श्रेय मात्र कॅलिब्रेशनला जातं, तापमानाला नाही.

याच जातीचा दुसरा घोळ म्हणजे पेशंट झाल्या झाल्या केलेलं कॅलिब्रेशन. सेलेनियममध्ये काही भार अडकून राहतो आणि आधीच्या इमेजची छाया पुढच्या इमेजमध्ये उमटते. स्तनाबाहेरच्या उघड्या भागावर किरण पूर्ण ताकदीने पडलेले असतात, त्यामुळे ही छाया बाह्यरेषेच्या रूपात दिसते. दोन इमेजमध्ये यंत्र थोडा वेळ थांबायला लावतं त्याचं हे एक कारण. पण छाया असतानाच गेन मॅप केला, तर एका बाईच्या स्तनाची कड पुढच्या प्रत्येक बाईच्या इमेजवर कोरली जाते. टोमोसिंथेसिसमध्ये (वेगवेगळ्या कोनांतून इमेज घेऊन स्तनाचे थर दाखवणाऱ्या पद्धतीत) तर आणखी गंमत: काही सेकंदांत बरीच प्रोजेक्शन घेतली जातात, प्रत्येकाचा डोस अगदी कमी, आणि एक बिघडलेला पिक्सेल स्लाइसमध्ये ठिपक्यांची माळ होऊन फिरतो. रेडिओलॉजिस्टने ‘हे काय?’ म्हणून विचारलं की टेक्निशियन पुन्हा कॅलिब्रेशनकडे धावतो.

‘एसी चालूच होता’

खोलीत कमाल-किमान लक्षात ठेवणारा तापमान-आर्द्रता मापक ठेवा. गँट्रीच्या शेजारी, एसीच्या झोताखाली नव्हे. हजारभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि सगळ्यांत जास्त भांडणं तोच मिटवतो. सोमवारी सकाळी त्यावर कमाल ३३ दिसतं, आणि प्यून शपथेवर सांगतो, ‘एसी चालूच दवरिल्लो (ठेवला होता), दोतोर.’ दोघंही खरं बोलत असतात. रविवारी वीज पाच मिनिटं गेली, परत आली, आणि एसी स्वतःहून सुरू झाला नाही. बऱ्याच एसींमध्ये ऑटो रीस्टार्टची सोय असते, पण ती चालू केलेली नसते किंवा बाहेरचा स्टॅबिलायझर अडवतो. एसीचा मेन स्विच पाडून, पुन्हा लावून एकदा तपासा. आमच्या भागात हा एकच बदल करून सोमवारचे डाग थांबलेली सेंटर आहेत.

ज्यांच्याकडे शनिवारी एसी मुद्दाम बंद केला जातो त्यांच्याशी वाद बिलावरून होतो. दीड टनाचा एसी पूर्ण भारावर तासाला दीडेक युनिट खातो. शनिवारी दुपारी दोन ते सोमवारी सकाळी आठ म्हणजे ४२ तास, फार तर ६०-६५ युनिट. मालकासमोर हा हिशेब ठेवा आणि शेजारी नव्या डिटेक्टरचं कोटेशन ठेवा. दोन एसी आलटून पालटून चालवणारा टायमर बसवला तर उत्तम. किनाऱ्याजवळ, कळंगुट-वास्को पट्ट्यात, खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल सडते, गॅस हळूहळू गळतो आणि एसी नुसता वारा घालत राहतो. एसीच्या पडद्यावर २३ दिसतं, खोलीत २८ असतं.

पावसाळ्यात भानगड तापमानापेक्षा ओलीची. बाहेर २५-२६ अंश असताना इन्व्हर्टर एसी पटकन ठरलेल्या तापमानाला पोहोचतो, कॉम्प्रेसर मंदावतो आणि हवेतलं पाणी काढणं जवळपास थांबतं. खोली गार पण दमट. त्यात कुणी ‘कोंदट वाटतंय’ म्हणून खिडकी उघडली की संपलंच. २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. म्हणजे २२ अंशांच्या डिटेक्टरच्या आवरणावर ती हवा लागली की पाणी धरतं. थंडगार बाटलीवर जमतं तसंच. वरून ते पुसता येतं, पण कनेक्टरवर आणि हाय व्होल्टेजच्या भागांजवळ ते जमलं तर रेषा, ठिणग्या, गळती, काहीही होऊ शकतं. त्यामुळे जूनपासून वेगळा डीह्युमिडिफायर लावा, आणि त्याची नळी थेट मोरीत सोडा. बादलीवर भरवसा ठेवला तर ती रविवारी भरते आणि यंत्र मुकाट्याने बंद पडतं.

सॅनिटायझर थेट टेबलावर फवारू नका. कापडावर घ्या आणि पुसा. फटीतून आत गेलेला थेंब बाहेर काढायची सोय नसते.

वीज

वीज गेली-आली की डिटेक्टरचा बायसही जातो-येतो, आणि नंतर त्याला स्थिरावायला वेळ लागतो. अनेक ठिकाणी यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर असतो; पडदा चालू राहतो म्हणून सगळं ठीक वाटतं, गँट्री मात्र बंद पडून पुन्हा सुरू झालेली असते. डिटेक्टरचा पुरवठा कशावर आहे हे इंजिनिअरकडून लिहून घ्या. रात्री मेन स्विच पाडायची सवय असेल तर ती मोडा. यंत्र मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसंच बंद करायचं.

आडव्या-उभ्या रेषा मधूनच येत असतील आणि त्यांची वेळ एसीचा कॉम्प्रेसर किंवा लिफ्ट सुरू होण्याशी जुळत असेल, तर अर्थिंग तपासा. आपल्याकडे जमीन चिऱ्याची. एप्रिल-मेमध्ये ती कोरडी ठाक पडते आणि पावसाळ्यात बरी दिसणारी अर्थिंग उन्हाळ्यात दगा देते. अर्थ पिटला पाणी घालणं हे प्यूनचं काम म्हणून ठरवून द्या, आणि मोजणी मे महिन्यात करून घ्या, ऑगस्टमध्ये नको.

खात्री कशी करायची

एक सोमवार निवडा आणि पहिल्या अपॉइंटमेंट उशिराच्या द्या. एसी २२-२३ वर, झोत गँट्रीवरून वळवलेला. कॅलिब्रेशन करू नका. आल्यावर ठोकळ्याची एक इमेज घ्या, तासाभराने दुसरी, मग आणखी तासाने, शेवटची दुपारी. प्रत्येक वेळी यंत्राच्या स्टेटस स्क्रीनवरचं डिटेक्टरचं तापमान, खोलीचं तापमान आणि आर्द्रता वहीत लिहा. इमेज कच्चीच बघा. प्रोसेस केलेली बघितली तर सॉफ्टवेअर काय लपवतं आणि काय फुगवतं ते कळत नाही. विंडो (पडद्यावरच्या करड्या छटांचा पल्ला) अरुंद करा, म्हणजे फिकट पट्टेही उघडे पडतात.

डाग दुपारपर्यंत आपोआप विरला तर गुन्हेगार तापमान. तेव्हा, स्थिरावलेल्या डिटेक्टरवर, शेवटच्या एक्सपोजरनंतर बराच वेळ थांबून, सगळ्या फिल्टरचं कॅलिब्रेशन एकदाच नीट करा आणि फँटम (चाचणीसाठीचा नकली स्तन) घ्या. ते जुन्या नोंदींशी जुळलं की पेशंट घ्या. तोवर घेऊ नका, रांग कितीही लागो. म्हापशात शुक्रवारी बाजाराच्या निमित्ताने आलेल्या बायका सेंटरलाही येऊन जातात, तेव्हा थांबवणं जड जातं; पण डाग असलेली इमेज पुन्हा घ्यावी लागली तर डोस दुप्पट तिच्याच अंगावर. ४.२ सेंटिमीटरच्या फँटमला एका व्ह्यूमागे सरासरी ग्रंथी-डोस ३ मिलिग्रेच्या आत हवा, हे सगळे पाठ म्हणून दाखवतात. रिपीट एक्सपोजर मात्र कुणी मोजत नाही. डाग असताना आधीच काढलेल्या इमेज असतील तर रेडिओलॉजिस्टला तोंडी नव्हे, लेखी कळवा.

दुपारपर्यंत डाग वाढत गेला तर उलट दिशेने बघा: गँट्रीच्या जाळ्या. डिचोली-सत्तरीकडे त्या तांबड्या धुळीने बुजतात, आतला पंखा फिरतो पण हवा जात नाही.

खरंच डिटेक्टर गेला असेल तर

तापमान स्थिर असताना रोज त्याच जागी राहणारी रेषा. महिन्यागणिक वाढत जाणारा खराब पिक्सेलचा पुंजका. कडेपासून आत सरकणारा डाग. या तिन्ही गोष्टी कॅलिब्रेशनने झाकल्या जातात, बऱ्या होत नाहीत. म्हणून दर महिन्याची एक कच्ची फ्लॅट इमेज जपून ठेवा. इंजिनिअरसमोर या इमेज आणि तापमानाची वही ठेवली की ‘ऑब्झर्व्ह करूया’ हे उत्तर फारसं येत नाही. वॉरंटीच्या वादातही तीच वही कामी येते, फक्त त्यात ३३ चे आकडे नसावेत.

डिटेक्टर बदलला तर ऑटो एक्सपोजरचं सेटिंग, फँटमच्या मूळ नोंदी, सगळं नव्याने. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाप्रमाणे दर दोन वर्षांनी होणारी क्यूए (गुणवत्तेची) चाचणी अशा मोठ्या दुरुस्तीनंतरही करून घ्यावी लागते. तिचा रिपोर्ट हाती आल्याशिवाय पेशंट घेऊ नका. आणि इंजिनिअर जायच्या आत डिफेक्ट मॅपच्या (खराब पिक्सेलच्या यादीच्या) फाइलची तारीख आणि त्यातला सीरियल नंबर स्वतः बघा. बॅकअपमधून जुन्या डिटेक्टरची फाइल लोड झाली, तर चांगले पिक्सेल झाकले जातात आणि खराब उघडे राहतात.